दफ्तराची एक प्रत परगावी



उसाची गाडी काट्यावर आली, भरगाडी वजन झाले, गव्हाणीत ऊस पडला, रिकाम्या गाडीचे वजन झाले, की सभासदाच्या नावाची एक पावती निघते. आडसाली लागण असेल तर दीड वर्षाची मेहनत, पाणीपट्टी, खताचे पैसे आणि सोसायटीचे कर्ज हे सगळे त्या एवढ्याशा चिठ्ठीवर येऊन उभे राहते. पुढे त्याच आकड्यावरून ऊसबिल निघते, कपाती होतात आणि रक्कम बँकेत जमा होते.

पूर्वी हा सारा हिशेब शेतकी खात्याच्या आणि हिशेब खात्याच्या जाडजूड वह्यांत असे. वही कपाटात दिसायची, कपाटाला कुलूप दिसायचे, त्यामुळे मनाला आधार वाटायचा. आता ती वही संगणक विभागातल्या सर्व्हरमध्ये गेली आहे आणि ती काही डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे गटसभेत एखादे सभासद उठून विचारतात, "साहेब, ते मशीन जळालं तर आमच्या उसाचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला "काळजी करू नका" एवढेच उत्तर देणे बरोबर नाही. म्हणून सभासदांच्या माहितीसाठी हा खुलासा करीत आहोत.

एका वाड्यात पाच बिऱ्हाडे

पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळा संगणक ठेवावा लागे. आता एकाच दणकट यंत्रात अनेक सर्व्हर नांदतात. जुन्या वाड्यात चार-पाच बिऱ्हाडे असत, चुली वेगळ्या, पण छप्पर एक, तसाच हा प्रकार आहे. एका खोलीत वजनकाट्याची नोंद, दुसरीत ऊस नोंद व तोडणी कार्यक्रम, तिसरीत ऊसबिले, चौथीत भाग आणि ठेवी, पाचवीत भांडार व कामगारांचे पगार. या बिऱ्हाडांना आभासी सर्व्हर म्हणतात. वाड्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीला हायपरव्हायझर हे नाव आहे. व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स ही त्यांतली प्रचलित नावे.

या पद्धतीत खर्च वाचतो, वीज वाचते, देखभाल सोपी होते. परंतु छप्पर एकच असल्याने आग लागली तर पाचही बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात. त्याचबरोबर एक मोठी सोयही आहे. असा प्रत्येक सर्व्हर म्हणजे शेवटी काही मोठ्या फायलींचा गठ्ठा असतो. तो गठ्ठा जसाच्या तसा उचलून दुसऱ्या गावच्या यंत्रात ठेवला, की तेच बिऱ्हाड तिथे भांड्याकुंड्यांसह उभे राहते. आमच्या पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया या सोयीवर आहे.

आवारातली प्रत ही अर्धीच प्रत

दफ्तराची दुसरी प्रत दुसरीकडे असावी, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. घरातले खरेदीखत वाळवीने खाल्ले तरी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून नक्कल मिळते. त्याच्याही आधीच्या काळात गावचे दफ्तर कुलकर्ण्याकडे आणि परगण्याचे देशपांड्याकडे असे. एका ठिकाणी घात झाला तर दुसरीकडे काही धागा सापडावा, असा त्याचा उपयोग होई.

ही खबरदारी नसली म्हणजे काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांपर्यंत गेली. त्यात ५ जणांचा मृत्यू झाला आणि असंख्य कागदी फायली जळाल्या. कुणी म्हणेल, तो कागद होता, संगणकाला काय होते? तर १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरच्या पाच मजली इमारतीला आग लागली. ती इमारत संपूर्ण गेली आणि शेजारच्या इमारतीलाही झळ पोचली. काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच जागी होत्या. मूळ वही गेली आणि नक्कलही तिच्याबरोबर गेली. त्यानंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी संगणक केंद्रात आग लागली. तिथे सरकारी नोकरांच्या फायलींचे ८५८ टेराबाइटचे भांडार होते. ते फार मोठे म्हणून त्याची बाहेरगावी प्रतच ठेवलेली नव्हती. ते भांडार नष्ट झाले. कोरिया हा संगणकशास्त्रात पुढारलेला देश. तरीही एवढी साधी गोष्ट राहून गेली.

आपल्या भागाचे म्हणाल तर ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी इंदापूर-बारामतीकर विसरलेले नाहीत. मे २०२५ मध्ये बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि ऐन उन्हाळ्यात शेतात पाणी शिरले. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा, मधून कालवा अशी आपली जमीन. ज्या पाण्यावर आपला ऊस वाढतो, तेच पाणी एखाद्या दिवशी दफ्तरातही शिरू शकते. त्यातच कारखाना म्हटला की बगॅस आहे, बॉयलर आहे, विजेचे चढउतार आहेत.

म्हणून जगभर एक सोपा नियम मानला जातो. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक परगावी असावी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने आपली छायाचित्रे जपण्याच्या निमित्ताने हा नियम लोकप्रिय केला. पण तो उसाच्या हिशेबालाही तंतोतंत लागू पडतो.

बॅकअप वेगळा, प्रतिकृती वेगळी

येथे दोन शब्दांची गल्लत होते, ती दूर करणे जरूर आहे.

राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, ही तारखेवार ठेवलेली जुनी वही आहे. कालची, परवाची, गेल्या रविवारची, गेल्या महिनाअखेरची अशा प्रती क्रमाने राखून ठेवायच्या. आज चूक सापडली तर चूक होण्याआधीची प्रत उघडता येते.

प्रतिकृती, म्हणजे रेप्लिकेशन, याची रीत निराळी आहे. परगावी एक कारकून बसला आहे आणि इथे जे लिहिले जाते ते ऐकून तो थोड्याच मिनिटांत आपल्या वहीत लिहितो, असे समजावे. इथले यंत्र बंद पडले की त्याची वही लगेच कामाला येते. परंतु इथे कुणी चुकून एखाद्या गटाची नोंद पुसली, तर तोही इमानेइतबारे पुसतो. प्रतिकृती थोडी मागची स्थितीही सांभाळते, पण ती थोडीच. म्हणून प्रतिकृती असली तरी बॅकअपची गरज सुटत नाही. वेळ वाचवायला प्रतिकृती आणि चूक सुधारायला बॅकअप, असे दोन्ही हवेत.

आणखी दोन गोष्टींवर लोक भिस्त ठेवतात. एकाच यंत्रात दोन डिस्कवर एकदम लिहिण्याची सोय असते. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालवते, हे खरे. पण पुसलेले दोन्हींवर पुसले जाते आणि आगीत दोन्ही जळतात. दुसरी गोष्ट स्नॅपशॉट. वहीत पेन्सिलने "इथपर्यंत" अशी खूण करावी, तसा तो असतो. वहीच गेली की खूणही गेली. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांना बॅकअप समजू नये.

किती गमावणे परवडेल?

कुठलीही व्यवस्था उभी करण्याआधी दोन प्रश्न ठरवावे लागतात. पहिला, घात झालाच तर शेवटच्या किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील? दुसरा, काम पुन्हा किती वेळात सुरू झाले पाहिजे?

हिशेब करून पाहू. समजा, दिवसाला ६,००० टन गाळप आहे आणि एक खेप सरासरी २० टनांची. म्हणजे दिवसाला ३०० खेपा झाल्या. रात्री एकदाच प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्व्हर गेला, तर दोनशे-अडीचशे खेपांची नोंद पावत्या गोळा करून हाताने भरावी लागेल. तेच दर १५ मिनिटांनी प्रतिकृती अद्ययावत होत असेल, तर तीन-चार खेपांचा प्रश्न राहतो. तीन-चार पावत्या काट्यावरच मिळतील. अडीचशे पावत्या गावोगाव हिंडून आणाव्या लागतील आणि त्यांतली एखादी मुकादमाच्या खिशात भिजलेली असेल.

ऊसबिलाचेही तसेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराची रक्कम देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लागू होते. सर्व्हर आठवडाभर बंद राहिला, तर त्या चौदातले सात दिवस तिथेच संपतात.

परंतु सगळ्याच बिऱ्हाडांना सारखा खर्च करणे शहाणपणाचे नाही, कारण हा पैसा शेवटी सभासदांचाच. म्हणून प्रतवारी करावी. वजनकाटा आणि तोडणी कार्यक्रम यांची प्रतिकृती दर १५ मिनिटांनी. ऊसबिले, भाग आणि ठेवी यांची दर तासाला. भांडार आणि पगार यांना रात्रीचा बॅकअप पुरे. बॅकअप मात्र पाचही सर्व्हरचा रोज व्हावा. दोन आठवड्यांच्या रोजच्या प्रती, वर्षभराच्या महिनाअखेरच्या प्रती आणि प्रत्येक गळीत हंगाम संपल्यावरची एक कायम प्रत, असा साठा ठेवावा.

पहिली प्रत गाडीने, रोजची तारेने

एवढी माहिती परगावी न्यायची कशी? येथेही साधे अंकगणित उपयोगी पडते. एकूण माहिती २ टेराबाइट आहे आणि सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची लाइन आहे असे धरले, तर ती लाइन अखंड आणि पूर्ण वेगाने चालूनही पहिली प्रत जायला सुमारे ४५ तास लागतील. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. तेवढा वेळ बाकीची कामे खोळंबणार. म्हणून पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर काढून, कुलूपबंद करून, गाडीने न्यायची. इंग्रजीत या पद्धतीला बी पेरणे अशा अर्थाचे नाव आहे. आपण बेणे नेऊन दुसऱ्या रानात लावणे म्हणू.

बेणे एकदा लागले, की पुढे रोज फक्त बदललेला भागच तारेने पाठवायचा. कुठला भाग बदलला याची नोंद हायपरव्हायझर स्वतः ठेवतो. दिवसभरात २० गिगाबाइट बदल झाला, तर त्याच लाइनवर तो अर्ध्या तासाच्या आत जातो.

त्यासाठी लाइन मात्र दोन हव्यात आणि त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या हव्यात. एकाच चरातून दोन केबली आल्या आणि जेसीबीने चर उकरला, तर दोन्ही एकदम तुटतात. शिवाय लाइन गेली तरी काटा थांबता कामा नये. काट्यावरच्या संगणकाने खेप आपल्यापाशी लिहून ठेवावी आणि लाइन आली की पुढे पाठवावी, ही सोय प्रथम करावी.

आणखी एक बारकावा. कारकून नोंद लिहीत असतानाच कुणी वहीचा फोटो काढला, तर जमा लिहिलेली आणि नावे लिहायची राहिलेली असा अर्धवट फोटो निघेल. तसेच येथेही घडते. म्हणून प्रत काढण्याआधी हिशेबाच्या आज्ञावलीला क्षणभर थांबवून, हातातली नोंद पूर्ण करायला लावून मगच प्रत काढायची असते. ही सोय चालू केली आहे की नाही, हे मुद्दाम तपासावे लागते.

जागा कोणती?

परगाव म्हणजे नुसते दुसरे गाव नव्हे. एकाच पुराने, एकाच कालव्याने किंवा एकाच वीज उपकेंद्राच्या बिघाडाने दोन्ही ठिकाणे एकदम अडचणीत येऊ नयेत, एवढे अंतर हवे. कारखान्याची वसाहत, शेजारचे गटऑफिस ही काही परगावे नव्हेत. पुण्यामुंबईला भाड्याने जागा देणारी संगणक केंद्रे आहेत. तिथे जागा घेता येते. मात्र पुण्यातही नदीकाठची जागा नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांचे काय झाले, ते जुन्या मंडळींना सांगायला नको.

दुसरा मार्ग आपल्या सहकाराच्या वळणाचा आहे. शेतात आपण सावड करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तसे दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातल्या एखाद्या सहकारी कारखान्याशी करार करून त्यांची प्रत आपण सांभाळावी, आपली त्यांनी. यंत्राचा खर्च दोघांचाही वाचतो. अट एवढीच, की पेटी त्यांच्याकडे आणि किल्ली आपल्याकडे. म्हणजे प्रत सांकेतिक लिपीत बंद करूनच पाठवायची. ती सांभाळणाऱ्यालाही वाचता येणार नाही. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, जमिनीचे गट नंबर त्यात असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी घातलेली आहे.

किल्लीचे मात्र जपावे. ती त्याच सर्व्हरमध्ये ठेवली आणि सर्व्हर गेला, तर परगावची प्रत म्हणजे न उघडणारी तिजोरी ठरेल. किल्ली मोहोरबंद पाकिटात, दोन जबाबदार अधिकाऱ्यांच्या सहीने, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हेच उत्तम.

चोर आधी नक्कल शोधतो

आग आणि पाणी यांच्या जोडीला आता खंडणीखोर आले आहेत. ते दूरवरून संगणकात शिरतात, सर्व माहितीला आपले कुलूप घालतात आणि पैसे मागतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात हेच घडले आणि कित्येक दिवस तिथले काम कागदावर चालवावे लागले. पण हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णांची माहिती परत मिळाली. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर असाच हल्ला झाला. तेव्हा देशातील सुमारे ३०० बँकांचे ऑनलाइन देणेघेणे तात्पुरते थांबले. त्यांत सहकारी व ग्रामीण बँका होत्या.

हे चोर हुशार असतात. ते आधी नक्कल शोधून नष्ट करतात आणि मग मूळ वहीला कुलूप घालतात. म्हणून परगावच्या बॅकअपचा पासवर्ड इथल्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. निदान एक प्रत तरी अशी हवी, की जी ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाही, आमच्या विभागप्रमुखालाही, खोडता किंवा बदलता येणार नाही.

बॉयलरची चाचणी, तशी प्रतीची चाचणी

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची बाब. येथे आम्ही आमचीच एक चूक कबूल करतो. एका ऑफ सीझनमध्ये आम्ही सहज म्हणून रात्रीची प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. ऊसनोंद उघडली, बिले उघडली, पण ठेवींचा हिशेब त्यात नव्हताच. मधल्या काळात त्या सर्व्हरला एक नवी डिस्क जोडली होती आणि ती बॅकअपच्या यादीत घालायची राहून गेली होती. रोज सकाळी "बॅकअप यशस्वी" असा संदेश येत होता आणि आम्ही तो वाचून समाधान मानत होतो. मूळ हिशेब शाबूत होता म्हणून निभावले. पण त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते असे, की उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत धरू नये.

अग्निप्रदीपनाआधी बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी होते. मागच्या वर्षी बॉयलर चांगला चालला म्हणून ती कुणी टाळत नाही. तशीच दरवर्षी मोळी पडण्यापूर्वी दफ्तराची चाचणी व्हावी. इथले सर्व्हर मुद्दाम बंद करावेत, परगावची प्रतिकृती चालू करावी, काट्यावरून एक लटकी खेप नोंदवावी, एका गटाचे गेल्या हंगामाचे बिल छापून जुन्या बिलाशी ताडून पाहावे आणि सगळ्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवावे.

चाचणीत दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. प्रतिकृती चालू करण्याचा हुकूम कोणी द्यायचा, तो नसेल तर कोणी, ही नावे कागदावर लिहून भिंतीला लावलेली हवीत. रात्री दोनला शोधाशोध नको. आणि इथला व तिथला सर्व्हर एकाच वेळी कधीही चालू ठेवू नये. तसे झाले तर एका खात्याच्या दोन वह्या होतात आणि खरी कोणती हे ठरवणे कठीण जाते. परत येतानाही तिथे झालेल्या नोंदी आधी इथे आणाव्यात, मगच इथले काम सुरू करावे.

सभासदांनी काय करावे?

यंत्राचे काम विभागाने करावे, पण सभासदांचाही त्यात वाटा आहे. काट्याची प्रत्येक पावती बिल हातात पडून रक्कम जमा होईपर्यंत जपून ठेवावी. सगळी यंत्रे फसली तर तीच शेवटची प्रत. आपला मोबाइल नंबर शेतकी खात्याकडे बरोबर नोंदलेला आहे याची खात्री करावी आणि वजनाचा संदेश आला की तो पावतीशी ताडून पाहावा. फरक दिसला तर त्याच दिवशी गटऑफिसला कळवावे.

आणि वार्षिक सभेत आम्हाला चार प्रश्न जरूर विचारावेत. आमच्या हिशेबाची प्रत कोणत्या गावी आहे? ती शेवटची कधी उघडून पाहिली? काम पुन्हा सुरू व्हायला किती तास लागले? किल्ली कोणाजवळ आहे? या चारांची उत्तरे तारीख-वारासह मिळाली पाहिजेत. "सगळं ठीक आहे" हे उत्तर मान्य करू नये. आम्ही दिले तरी मान्य करू नये.

तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार आपल्या शेतीत चालत नाही, तो दफ्तरातही चालणार नाही. ऊस सभासदांचा आहे, तसा त्याचा हिशेबही सभासदांचाच आहे. तो सुखरूप राहावा म्हणून लागणारा खर्च आणि शिस्त यांना सर्वांनी पाठबळ द्यावे, ही नम्र विनंती.